साताऱ्यातल्या जुन्या घराची लाकडी जमीन: घासून घ्यावी की नाही, आणि घ्यावी तर कशी?

माडीवरची | 9 जानेवारी, रात्री 10:15

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. जरा सविस्तर लिहिते.

साताऱ्यात मंगळवार पेठेत सासरचं जुनं घर आहे. वाडा म्हणण्याइतकं मोठं नाही. दगडी जोतं, विटांच्या भिंती आणि माडीवर सगळी फळ्यांची जमीन. फळ्या आठ-नऊ इंच रुंद, जिन्याच्या तोंडाशी जाडी मोजली तर इंचाला थोडी जास्तच. चुलत सासरे म्हणतात की त्यांच्या आजोबांनी बांधलं, सागवान आहे. मधली बरीच वर्षं वर भाडेकरू होते, नंतर नुसती अडगळ. आता आम्ही पुणं सोडून इकडे यायचं ठरवलंय आणि वरच्या दोन खोल्या राहत्या करायच्या आहेत.

अवस्था अशी. मधल्या खोलीत लालसर ऑइलपेंट आहे, दारापासून खिडकीपर्यंतच्या वाटेवर तो पार उडालाय. रस्त्याकडच्या खोलीत रंग नाही, पण काळपट तेलकट थर आहे, नखाने खरवडलं तर नखात काळं येतं. तिथेच खिडकीखाली पाऊस आत येऊन दोन फळ्या काळ्या पडल्यात. एका पट्ट्यात चालताना करकर वाजतं. फळ्यांमध्ये फटी आहेत, रात्री खालचा दिवा वरून दिसतो.

दोघांना दाखवलं. फरशी पॉलिशवाला म्हणाला, मोझॅकचं मशीन फिरवतो, एका दिवसात चकाचक. दुसरे कंत्राटदार म्हणाले, हे सगळं उतरवा आणि स्लॅब टाका. सासूबाईंचं म्हणणं, वरून व्हिनाइल अंथरा आणि मोकळ्या व्हा. नवरा तटस्थ (म्हणजे खर्च कळेपर्यंत).

मला ती फळ्यांची जमीन ठेवायची आहे. कुणी असं काम करून घेतलंय का?

कंदीपेढा | 9 जानेवारी, रात्री 10:32

मोझॅकचं मशीन लाकडावर?? त्या माणसाला जिनाच चढू देऊ नका. ते मशीन पाण्यावर चालतं. फळ्या पाणी पितील, गाळ फटींतून खालच्या खोलीत, आणि वर दगडाने ओढलेले गोल गोल ओरखडे. फोटो टाका की.

सायली_सातारा | 9 जानेवारी, रात्री 11:04

वाचतेय. आमच्याकडेही अशीच माडी आहे, शनिवार पेठेत.

रंधा | 10 जानेवारी, सकाळी 7:20

ताई, मी कराडचा. घरचा धंदा सुतारकामाचा, आता फर्निचरचं वर्कशॉप आहे. स्लॅब टाका म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. इंचापेक्षा जाड सागवानी फळी आज वखारीत घनफुटावर घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील.

पण घासायच्या आधी ती जमीन खालून बघा. हे कुणी करत नाही, सगळे वरच्या पॉलिशचा विचार करतात. खालच्या खोलीत शिडी लावा आणि प्रत्येक कडी (फळ्यांना खालून पेलणारं आडवं लाकूड) भिंतीत शिरते ते टोक बॅटरीच्या उजेडात तपासा. भिंतीत ओल मुरते, हवा लागत नाही, म्हणून कडी कुजते ती टोकालाच. मधोमध ती ठणठणीत दिसेल. टोकदार स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि जोर लावून टोचा. धड लाकडात तो एक-दोन मिलिमीटर जातो आणि अडतो. कुजलेल्या लाकडात आत आत जात राहतो, आणि बाहेर काढला की मागोमाग भुसा येतो. अशी एक जरी कडी निघाली तरी जमिनीचं काम थांबवा. आधी कडीला टेकू, मग दुरुस्ती.

दुसरं, वाळवी आणि कीड यांत फरक करा. वाळवीची मातीची नळी भिंतीवरून किंवा कडीवरून चढलेली दिसते. किडीची टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतात आणि खाली बारीक पीठ सांडतं. सागवानाच्या तांबूस गाभ्याला कीड सहसा धरत नाही, सालीकडच्या पांढऱ्या पट्ट्याला धरते. भोकं जुनी आहेत की आत अजून जिवंत कीड आहे, ते असं कळतं: खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. आठवडाभरात नवं पीठ पडलं नाही तर बहुतेक जुनंच.

तिसरं, कड्या सागवानीच असतील असं धरून चालू नका. आपल्या भागात वर सागवान आणि खाली ऐन किंवा किंजळ अशी जोडी पुष्कळ घरांत सापडते.

एवढं बघून सांगा, मग घासाईचं बोलू.

निळीशाई | 10 जानेवारी, सकाळी 9:48

तो लालसर ऑइलपेंट कधीचा आहे? विचारायचं कारण शिसं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) खाली हवं हा नियम आपल्याकडे 2016 मध्ये आला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, केशरी छटांमध्ये, शिसं असण्याची शक्यता भरपूर. लालसर म्हणजे साधं रेड ऑक्साइडही असू शकतं, त्यातला लाल रंग लोखंडाचा असतो. पण डोळ्यांनी बघून ओळखता येत नाही. शिवाय खाली किती थर आहेत कोण जाणे.

माझं काम रंगांच्या प्रयोगशाळेतलं आहे म्हणून आग्रहाने सांगते: तपासल्याशिवाय त्या खोलीत कोरडा पॉलिश पेपर लावू नका, मशीन तर नाहीच. हीट गनही नको. शिशाची धूळ फटींतून खालच्या स्वयंपाकघरात जाईल. रंगाच्या दोन-चार खपल्या सगळ्या थरांसकट काढून प्रयोगशाळेत द्या. घरात लहान मुलं आहेत का?

माडीवरची | 10 जानेवारी, दुपारी 1:10

मुलगी पाच वर्षांची. खपल्या आजच काढते. धन्यवाद, हा मुद्दा डोक्यातच नव्हता.

रंधादादा, रविवारी शिडी लावते. बरोबर खाली स्वयंपाकघरच आहे!

फ्लॅटधारक | 10 जानेवारी, दुपारी 3:35

माझं मत थोडं वेगळं. बावधनला मित्राच्या बंगल्यात लाकडी जमीन केली, पीयू (पॉलीयुरेथेनचं पॉलिश) मारलं, वर्षानुवर्षं काही बघावं लागत नाही. पाणी सांडलं तरी पुसून टाकायचं. चपडा (लाखेचं पॉलिश), मेण वगैरे आजोबांच्या काळातलं ठीक आहे, पण पाच वर्षांचं मूल आणि रोजचा वावर असेल तर पीयूला पर्याय नाही. पुण्याहून ड्रम सँडर (जमीन घासायचं मोठं मशीन) आणि माणसं बोलवा, दोन दिवसांचं काम.

रंधा | 10 जानेवारी, रात्री 8:55

फ्लॅटधारक, पीयू वाईट नाही. नव्या, कोरड्या, एकमेकींत खाच करून बसवलेल्या पट्ट्यांवर मीही पीयूच सांगेन. ताईंच्या फळ्या नुसत्या शेजारी ठेवून खिळ्यांनी ठोकलेल्या. नऊ इंची सागवानी फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात गेली की रुंदीला साधारण दोन मिलिमीटर फुगते आणि दिवाळीनंतर पुन्हा आकसते. पीयूचा पापुद्रा दोन फळ्यांच्या फटीवर ताणला जातो आणि कडेने उचकटतो. मग तेवढाच तुकडा दुरुस्त करता येत नाही, अख्खी खोली पुन्हा घासा.

आणि तो काळा तेलकट थर. मी पैजेवर सांगतो, ते जळकं ऑइल आहे. गॅरेजमधून आणायचं आणि वाळवी लागू नये म्हणून फळ्यांना चोपडायचं, ही पद्धत घरोघरी होती. सागवानाचं स्वतःचं तेल वेगळंच. अशा लाकडावर पीयू ओतलं तर तेलकट तव्यावर पाणी टाकल्यासारखं गोळा होतं, वाळतच नाही.

ड्रम सँडरचं वजनच 70-80 किलो. कड्यांची टोकं बघितल्याशिवाय मी तो माडीवर चढवणार नाही. त्याला 15 अँपिअरचा पॉइंटही लागतो, जुन्या घरातलं लाकडी पट्टीवरचं वायरिंग त्याला पुरणार नाही.

हळदगल्ली | 11 जानेवारी, सकाळी 6:50

सांगलीहून लिहितोय. आमचा अनुभव पुराचा आहे, पण ताईंच्या खिडकीखालच्या ओल्या फळ्यांनाही लागू पडेल.

गावभागात आमची जुनी पेढी, जोत्यावर फूटभर उंच केलेली सागवानी फळ्यांची बैठक. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45. पेढी पाण्यात होती हे वेगळं सांगायला नको. पाणी उतरल्यावर फळ्या आठवडाभर बऱ्या दिसल्या. मग वरची बाजू वाळली, खालची ओलीच, त्यामुळे वरची आकसली आणि प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आल्या. हात फिरवला तर पन्हळी लागायच्या.

ज्याला काम दिलं त्याने दसऱ्यालाच मशीन लावून सगळं सपाट केलं. वरून चपडा. दिवाळीचं लक्ष्मीपूजन त्याच्यावर झालं, येणारा जाणारा कौतुक करून गेला. होळीपर्यंत खालची बाजू वाळली, फळ्या मूळच्या जागेवर आल्या आणि कडा घासून बारीक केलेल्या असल्याने आता प्रत्येक फळी मधोमध वर, कडेला खाली! बैठकीवर हिशेबाची वही सरळ राहीना.

त्यानंतर ओलावा मोजायचं छोटं मीटर घेतलं. आमच्याकडे उन्हाळ्यात फळी 10 टक्क्यांच्या आसपास दाखवते, भर पावसात 15 च्या वर. आकडा किती यापेक्षा तो स्थिर झालाय का ते बघायचं. त्याच जागी खडूने खूण करून दर आठवड्याला मोजा. ओली फळी आणि तिच्यापासून लांबची कोरडी फळी यांच्यातला फरक मिटला की मगच पॉलिश पेपर हातात घ्या. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा आम्ही पुढचा उन्हाळा लागेपर्यंत काहीच केलं नाही. फळ्या आपोआप बऱ्याच बसल्या, घासाई निम्म्यावर आली.

पूरवाल्यांसाठी अजून एक. फटींतला गाळ व्हॅक्यूमने ओढून, सळईने उकरून आधी काढा. त्या वाळूने सँडरचे पट्टे पाच मिनिटांत बोथट होतात.

घाटमाथा | 11 जानेवारी, सकाळी 11:20

अवांतर होतंय, पण विचारतो. आमचं घर वाईला. माडीवर फळ्या दिसत नाहीत, शहाबादी फरशी आहे, पण खालून बघितलं तर कडीपाट. फरशी काढली तर खाली अशीच लाकडी जमीन मिळेल का?

वाडासंस्कृती | 11 जानेवारी, दुपारी 12:45

मिळेल, पण तुम्हाला हवी तशी नाही. कडीपाटात कड्यांवर पाट टाकतात, त्याच्यावर मातीचा थर आणि वर कोबा किंवा फरशी. त्या पाटांवर कुणी चालायचं नव्हतं, ते खालून दिसण्यासाठी असतात. वरची बाजू रंधलेली नसते, पुष्कळ ठिकाणी वाकसाच्या (लाकूड तासायच्या हत्याराच्या) खुणा तशाच असतात, जाडीही कमी.

मातीचा थर चार इंच धरला तरी चौरस मीटरला 160-170 किलो वजन होतं. ते काढलं की कड्या सुटकेचा श्वास सोडतील हे खरं. पण तोच थर उन्हाळ्यात ऊन अडवतो आणि वरची पावलं खाली ऐकू येऊ देत नाही. काढायचाच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. भिंतीवरचा भार बदलतो, हा नुसता सुताराचा प्रश्न नाही. तुम्ही वाईचेच, तर मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात जाऊन एकदा छत नीट बघून या, कडीपाट म्हणजे काय ते नजरेत बसेल.

माडीवरची यांचं काम याहून सोपं आहे, त्यांच्या फळ्या मुळातच चालण्यासाठी घातलेल्या आहेत.

आता माझं मत, रंधा यांना पटणार नाही कदाचित. मशीन लावूच नका. शंभर वर्षांत त्या फळ्यांना जी घळ पडलीय, उंबऱ्यापाशी, खिडकीपाशी, ती घासून सपाट केली तर मग नवीनच जमीन का करत नाही? साफ करा, तेल द्या, पुरे.

रंधा | 11 जानेवारी, दुपारी 2:05

पटलं, निम्मं. घळ राहू द्या. पण खिळ्यांची डोकी वर आलेली असतात, फळीची कुसळं निघालेली असतात, पाच वर्षांची पोर अनवाणी पळणार आहे. तेवढं तरी घासावंच लागेल.

माडीवरची | 18 जानेवारी, रात्री 9:30

रविवारी सगळ्या कड्या तपासल्या. एक सोडून सगळ्यांत स्क्रू ड्रायव्हर अडला. ती एक नेमकी खिडकीच्या खालची, चार बोटं आत गेला. सुताराने दोन्ही बाजूंनी नव्या सागवानी फळ्या लावून बोल्ट मारून कडी बांधली, भिंतीतलं टोक मोकळं केलं. खिडकीचं छपरी पाखं बदललं, म्हणजे पाऊस आत यायचं मूळ कारण गेलं. वर्तमानपत्रावर पीठ पडलं नाही.

रंगाचा रिपोर्ट: वरचा थर ठीक, तळच्या थरात शिसं आहे.

निळीशाई | 18 जानेवारी, रात्री 10:02

मग त्या खोलीत ओलंच काम. पेंट रिमूव्हरने रंग मऊ करून पत्र्याने खरवडायचा. रिमूव्हर घेताना डब्यावर घटक वाचा, मिथिलीन क्लोराइडवाला बंद खोलीत नको, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवूनही मला तो आवडत नाही. खालच्या खोलीत छताला प्लॅस्टिक ताणा, वर फटींत कापडाच्या चिंध्या कोंबा. खरवड जाड पिशवीत बांधा, केरात किंवा झाडाच्या आळ्यात टाकू नका. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. काम संपेपर्यंत मुलगी आजोळी. खरवडणाऱ्या माणसाने कपडे तिथेच बदलायचे, हे त्याला पटवणं सगळ्यात अवघड जाईल.

मास्क साधा कापडी नको. सागवानाची धूळही नाकाला आणि कातडीला झोंबते, आणि कुठल्याही लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाणं कर्करोगाच्या यादीत आहे. एन-95 किमान.

रंधा | 19 जानेवारी, सकाळी 7:05

आता कामाचा क्रम सांगतो.

खिळे आधी. जुने चौकोनी लोहारी खिळे असतील, उपटू नका, फळी फाटते. पंच लावून डोकं दोन-तीन मिलिमीटर आत बसवा. एक जरी डोकं वर राहिलं तर सँडरचा पट्टा फाटतो, वर ठिणगी उडते. त्या ठिणगीचं कारण पुढे तेलात सांगतो.

करकर: फळी आणि कडी यांच्यात फट पडलीय, पाय पडला की फळी खिळ्यावर वरखाली होते. खालून त्या फटीत पातळ सागवानी पाचर गोंद लावून सरकवा. ठोकून ठोकून बसवू नका, फळी वर उचलली जाईल. खालून जागा नसेल तर वरून स्क्रू, डोकं खोल घालून वर लाकडाची डाट.

काळा तेलकट थर मशीनने काढायला जाऊ नका. गरम झालं की तेल वितळून पेपरात भरतं, दर पाच मिनिटांनी पेपर बदला. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने भाग मऊ करा आणि काचेच्या तुकड्याने खरवडा. हो, काचेच्या. जुने पॉलिशवाले असंच करायचे. खिडकीची तुटकी काच, सरळ धारेची, हातात जाड हातमोजे, काच थोडी पुढे झुकवून आपल्याकडे ओढायची. धार गेली की नवा तुकडा.

मग पेपर: 60, 80, 120. चाळीसचा लागणार नाही. मधला नंबर गाळायचा नाही, आधीच्याचे ओरखडे पुढच्याने जातात. हातातल्या ऑर्बिटल मशीनने भागेल. कायम रेषेच्या दिशेने. खोलीत साठलेला भुसा पोत्यात भरून रात्रभर घरात ठेवू नका.

काळे डाग: खिळ्याभोवतीचा डाग लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचा असतो, पेपरने जात नाही. ऑक्सॅलिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून फक्त डागावर लावा, नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा. विषारी आहे, हातमोजे, आणि डबा पोरांपासून लांब. फळी आतूनच मऊ झाली असेल तर मात्र बदला. जुन्या वाड्याचं उतरवलेलं लाकूड ज्या वखारीत मिळतं तिथे त्याच जाडीची फळी शोधा. नवीन लाकूड रंगाने आणि आकसण्याने वेगळं पडतं.

फटी: पुट्टी भरू नका! उन्हाळ्यात फट उघडी असते, तुम्ही ती घट्ट भरणार, पावसात फळ्या फुगल्या की पुट्टी दाबली जाऊन बाहेर येते, नाहीतर फळीच वाकते. मोठ्या फटीत सागवानाची बारीक पट्टी एकाच बाजूच्या फळीला चिकटवून बसवा, दुसरी बाजू मोकळी. बारीक फटी तशाच राहू द्या.

भडंगभाऊ | 19 जानेवारी, सकाळी 8:15

एवढं वाचून मीच दमलो. व्हिनाइल काय वाईट होतं सासूबाईंचं?

हळदगल्ली | 19 जानेवारी, सकाळी 8:40

भडंगभाऊ, व्हिनाइलखाली ओल अडकते आणि वाळवीला पडदा मिळतो. वरून वर्षभर छान दिसतं, एक दिवस पाय आत जातो.

फ्लॅटधारक | 19 जानेवारी, दुपारी 12:30

जळकं ऑइल नसलेल्या मधल्या खोलीत तरी पीयू चालेल ना? आधी चपड्याचा एक हात मारला की तेल अडतं असं वाचलंय.

रंधा | 19 जानेवारी, रात्री 9:10

चालेल. पण चपडा मेण काढलेला हवा, साध्या चपड्यातल्या मेणावर पीयू धरत नाही. लिटर स्पिरिटला दीडशे-दोनशे ग्रॅम चपडा. पीयू लावायच्या आधी थिनरच्या फडक्याने सागवान पुसायचं, वरचं तेल निघतं, आणि लगेच लावायचं. दोन डब्यांचं पीयू असेल तर हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. साधा मास्क उपयोगाचा नाही, वाफ अडवणाऱ्या काडतुसाचा लागतो.

तरी माझं मत तेल आणि मेण. जवसाचं डबल बॉइल तेल, निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं. एक हात, अर्ध्या तासाने उरलेलं सगळं पुसून काढायचं, एक-दोन दिवस वाळू द्यायचं, मग पुढचा हात. जाड लावलं की चिकट राहतं आणि धूळ धरतं. शेवटी मधमाशांचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून अगदी पातळ, आणि फडक्याने घासून. चार-पाच वर्षांनी वाटेवरचा भाग फिका पडला की तेवढ्याच भागाला पुन्हा तेल.

आता सगळ्यांनी नीट वाचा. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली की आपोआप तापून पेट घेतात. काडी लागत नाही. वाळताना तेल उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती अडकते. फडकी अंगणात एकेक पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा. जुनं घर, लाकडी माडी, भुसा सांडलेला. म्हणूनच ठिणगीचं म्हणालो.

सायली_सातारा | 20 जानेवारी, सकाळी 10:00

हे वर घट्ट चिकटवून ठेवा कुणीतरी. माहीत नव्हतं.

माडीवरची | 21 एप्रिल, रात्री 11:40

काम झालं. फोटो वर जोडलेत.

मधल्या खोलीचा रंग निळीशाई यांनी सांगितल्याप्रमाणे ओला खरवडला. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि कपडे बदलण्यावरून खरंच वाद झाला. रस्त्याकडच्या खोलीत काच. मला खोटं वाटत होतं, पण पहिला हात ओढल्यावर काळ्या थराखालून कागदाहून पातळ सालपटं निघायला लागली, आधी काळी, मग तपकिरी, आणि मग मधाच्या रंगाचं लाकूड. त्याला वास आला तो खोलीभर राहिला. सासूबाई जिना चढून वर आल्या, काही न बोलता काचेचा एक तुकडा मागितला आणि उंबऱ्याजवळची अर्धी फळी त्यांनी स्वतः केली. व्हिनाइलचा विषय संपला.

दोन काळ्या फळ्यांपैकी एक ऑक्सॅलिकने बरीच उजळली, दुसरी बदलली. वखारीतून आणलेल्या फळीला आधीच्या घराची खिळ्यांची भोकं आहेत, ती तशीच ठेवलीत.

घासल्यावर लाकूड फिकं पिवळं, पट्टेरी दिसत होतं, मी घाबरून रंधादादांना मेसेज केला. ते म्हणाले उजेडात दोन-तीन आठवडे राहू द्या. आता एकसारखं सोनेरी होत चाललंय. दोन्ही खोल्यांना तेल-मेणच केलं. खिडकीखाली तेलाचा एक हात जास्त.

फ्लॅटधारक, सॉरी. :)

फ्लॅटधारक | 22 एप्रिल, सकाळी 9:05

दिसतंय सुंदर, मान्य. पण पहिला चहा सांडू द्या, मग बोलू.

हळदगल्ली | 22 एप्रिल, सकाळी 9:30

चहाचं सोडा, हळद सांडली तरी घाबरू नका. आमच्या फळ्यांवर पोत्यांची पिवळी नक्षी होती. ऊन येतं तिथली आपोआप गेली. हळद उन्हात उडते.

माडीवरची | 14 जुलै, रात्री 9:50

पावसाचा रिपोर्ट. फटी मिटल्या, खालचा दिवा आता दिसत नाही. पट्ट्या बसवलेल्या ठिकाणी काही उचललेलं नाही. खिडकीखाली कोरडं. करकर गेली, एक नवीन जागा बारीक वाजते, ती दिवाळीनंतर बघू. दार मात्र खाली घासतंय.

दोन प्रश्न. सासूबाईंना रोज फिनाइलच्या पाण्याने पुसल्याशिवाय चैन पडत नाही, काय सांगू? आणि जिन्याच्या पायऱ्यांनाही हेच तेल-मेण करू का?

रंधा | 15 जुलै, सकाळी 6:45

दाराला आत्ता रंधा लावू नका, पाऊस संपला की ते आपोआप मोकळं होईल. आत्ता काढलंत तर उन्हाळ्यात दाराखालून उंदीर येईल.

पुसायला घट्ट पिळलेलं फडकं, साधं पाणी, आठवड्यातून एकदा. रोज केरसुणी. फिनाइल मेण खातं. काकूंना सांगा, संक्रांतीला त्यांच्याच हातून मेणाचा एक हात मारून घेऊ.

जिन्याला मेण अजिबात नाही, पाय घसरेल. नुसतं तेल, अगदी पातळ, आणि पायरीच्या पुढच्या कडेला करवतीने दोन उथळ खाचा मारून घ्या. कठड्याला हवं तेवढं मेण लावा. जिना किती पायऱ्यांचा आहे आणि पायऱ्या कुठल्या लाकडाच्या आहेत? फोटो टाका, मला त्या वरच्या दोन ऐनाच्या वाटतायत.